बयाबाईचं स्टूल आणि अकरा नंबरचं टेबल

आमच्या कार्यालयाचं नाव मी सांगणार नाही. नोकरी अजून सहा वर्षं बाकी आहे. नवी मुंबईत आहे, पाच मजली आहे, लिफ्ट दोन आहेत आणि त्यातली एक साहेबांची आहे, एवढं पुरे. मी बाबासो, मूळचा सांगलीकडचा, इथे वरिष्ठ लिपिक. पण गोष्ट माझी नाही, बयाबाईची आहे. माझी त्यात फक्त चूक आहे, आणि ती काही बारकी नाही.

बयाबाई आमची शिपाई, इथल्याच पावणे गावची. सासऱ्याची भातखाचरं तिथल्या कारखान्यांखाली गेली त्याला जमाना झाला. आता त्या जागी पत्र्याची शेड आहे आणि आत बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. जमिनीच्या बदल्यात घराला जे काय मिळालं त्यातलं एकच उरलं होतं, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. घरातल्या एकालाच, एकदाच, सरकारी भरतीतल्या राखीव जागेसाठी वापरता येणारा कागद. तो तिच्या नवऱ्याच्या नावावर होता, पण नवरा आधीच आमच्याकडे शिपाई होता, त्याला गरज पडली नाही. तो वारला आणि ही अनुकंपावर त्याच्या जागी लागली. मुलगा उरणला कंटेनर यार्डात गेला, त्यालाही कागद नको होता. तेव्हापासून दाखला दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी. बयाबाईने तो नातीसाठी ठेवला होता.

नात म्हणजे उन्नती. नर्सिंगचा कोर्स पहिल्या वर्गात पास. यंदा एका सरकारी रुग्णालयाची भरती निघाली, प्रकल्पग्रस्तांसाठी दोन जागा, अर्जाची शेवटची तारीख तीस एप्रिल, संध्याकाळी साडेपाच. त्याआधी दाखल्यावरचं आजोबांचं नाव काढून नातीचं घालायचं होतं. झालं. एवढंच काम. आमच्याच कार्यालयातलं.

आता बयाबाई काय करायची ते ऐका. एकतीस वर्षं ती खाली दारात एका लाकडी स्टुलावर बसली. त्या स्टुलाचा एक पाय बाकीच्यांपेक्षा आखूड होता, त्याखाली तिने जुन्या जनगणनेच्या पुस्तिकेची घडी सारली होती. जनगणनेचा तेवढा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. दारातून कोणी आत आलं की ती एकच प्रश्न विचारायची.

"काय झालाय?"

समोरचा माणूस घाबरलेला असायचा. घरून पाठ करून आलेला असायचा. "मावशी, ते वारस नोंदीचं, नमुना, परिशिष्ट..."

"ता ऱ्हाव दे. घरान काय झालाय ता सांग."

"बापूस गेला."

"कवा? घरान का दवाखान्यान?"

"दवाखान्यात. आठ दिवस झाले."

"मंग तिसऱ्या खिरकीवर जा आधी. वर चढू नको, वर चढशील त तीन चकरा मारशील. दवाखान्याचा कागद हाय ना? त्याच्या दोन झेराक्स कार, बाहेर आबिदाच्या दुकानान. आनि पानी पी आधी, तोंड सुकलाय तुजा."

पाच वाक्यं. माणूस अर्ध्या तासात मोकळा. तीच बाई नसती तर त्याला आधी दुसऱ्या मजल्यावर पाठवलं असतं, तिथून चौथ्यावर, चौथ्यावरून "हे आमच्याकडे येत नाही" हे सुभाषित घेऊन परत तळमजल्यावर. आमची कामाची पद्धतच तशी. कुठलं टेबल कोणाचं हे कागदावर एक आणि प्रत्यक्षात भलतंच. कोणी बदलून जातो, कोणी निवृत्त होतो, पद रिकामं राहतं, काम शेजारच्याच्या गळ्यात पडतं, आणि कागद मात्र जुनाच. खरं काय चाललंय हे अख्ख्या इमारतीत फक्त स्टुलावरच्या बाईला ठाऊक. कोणाचं काम कोण करतो, कोण जेवणानंतर गायब होतो, कोणाला सही मागायची तर चहाच्या आधी मागायची.

आणि स्वतः कशी, तर तिने एकतीस वर्षांत कोणालाही रांगेत पुढे घुसवलं नाही. सख्ख्या भाच्यालासुद्धा नाही. "लाइन हाय ना? मंग लाइनीन उभा ऱ्हा." एकदा एक नगरसेवकाचा माणूस तिच्याशी वाद घालायला आला, तर ती म्हणाली, "तुमी मोठं मानूस. तुमाला उभं ऱ्हावाला जास्त जागा लागल, मागं सरका." तो हसत हसत मागे सरकला. ह्या बाईला आम्ही अडाणी म्हणायचो. हो, मीपण म्हणायचो.

मग गेल्या साली आमच्या साहेबांना स्वप्न पडलं. कार्यालयाचं नवं संकेतस्थळ. जुनं होतंच, पण त्यावर अजून आधीच्या साहेबांचा फोटो होता, आणि हे कोणाही साहेबाला सहन होण्यासारखं नाही. समिती नेमली. सदस्य सचिव मी. का, तर मला मराठी टायपिंग येतं. कंपनीकडून मितेश नावाचा मुलगा आला, कानात पांढरं यंत्र, हातात लॅपटॉप, वय माझ्या चपलांएवढं.

पहिल्या दोन बैठका साहेबांचा फोटो डावीकडे की उजवीकडे यावर झाल्या. तिसरीत फोटोतला कोट. चौथीत मितेशने हिंमत केली.

"सर, मेन्यू आपण लोकांच्या गरजेप्रमाणे ठेवूया ना. म्हणजे बघा, मूल झालं, शाळा, लग्न, घर, मृत्यू. माणसाला काय पाहिजे ते तो दाबेल, आतून विभाग आपण जोडू. त्याला कशाला माहीत पाहिजे विभाग कुठला?"

साहेब छताकडे बघून म्हणाले, "म्हणजे मृत्यू विभाग काढायचा? आणि त्याला पदं मंजूर कोण करणार?"

आता बोला! मितेश माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात बयाबाई चहाचा ट्रे घेऊन आत आली. तिने ऐकलं होतं. कप ठेवता ठेवता म्हणाली, "साएब, पन मानूस मेला त काय दाबाचा?"

"मावशी," साहेब म्हणाले, "माणूस मेला तर तो कशाला दाबेल?"

अख्खी समिती हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. साहेबांच्या विनोदाला हसण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. बयाबाईने रिकामा ट्रे उचलला आणि गेली.

आणि मग मी पुढे झालो. म्हटलं, सर, मेन्यूची काळजी सोडा, आपल्याकडे टेबलांच्या कामवाटपाचं सही-शिक्क्याचं परिपत्रक आहे, तेच चढवू. टेबल एक ते टेबल चौदा. अधिकृत. कोणी बोट ठेवायचं काम नाही. साहेब खूश. मितेश म्हणाला, "पण लोकांना टेबल नंबर कसा कळणार?" मी म्हणालो, "बाळा, तू कोडिंग कर." परिपत्रक सहा वर्षांपूर्वीचं होतं. नवं तयार होतं, पण ते सहीसाठी साहेबांच्या टेबलावर दीड वर्ष होतं, आणि सही नसलेला कागद आम्ही कागद मानत नाही. एका टेबलापुढे एक नाव, एक लॉगिन, एक मोबाइल नंबर. सगळं मी माझ्या ह्या दोन हातांनी टाइप केलं.

सव्वीस जानेवारीला उद्घाटन. पहिल्या पानावर साहेबांचं मनोगत, मग रचना व कार्ये, मग छायाचित्र दालन, त्यात उद्घाटनाचीच बावीस छायाचित्रं. सगळ्यात खाली, मोबाइलवर अंगठा दुखेपर्यंत सरकवलं की टेबलं. टेबल सात "संकीर्ण". संकीर्ण म्हणजे काय हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही, पण तुम्हाआम्हाला लागणारं सगळं त्यातच असतं. सगळे अर्ज आता फक्त ऑनलाइन. खिडक्या बंद. आणि दारात स्टुलाच्या जागी बोटाने दाबायचं एक उंच यंत्र उभं केलं. स्टूल भंगारात. बयाबाईला पाचव्या मजल्यावर जुन्या दप्तराच्या खोलीत पाठवलं, गठ्ठ्यांवरची धूळ झाडायला. निवृत्तीला चार महिने होते. आमच्याकडे तिच्या वयाच्या सगळ्यांचा जन्म एक जूनचा, सगळे एकतीस मेला घरी जातात, तशी तीही जाणार होती.

दहा फेब्रुवारीला ती माझ्याकडे आली. हातात ती दुधाची पिशवी.

"भाऊसाएब, उन्नतीचा नाव लावाचा होता याच्यावर. तुमीच करतंव ना ह्या काम?"

करत होतोच. अकरा नंबरच्या टेबलावर देवजी म्हात्रे होता, तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन उरणजवळ मोरा गावी गेला, तेव्हापासून प्रकल्पग्रस्तांचं काम मीच बघत होतो. तोंडी आदेशावर. कागद हातात घेऊन पंधरा मिनिटांत उरकलं असतं. पण मी सदस्य सचिव ना! छाती काढून म्हणालो, "मावशी, आता सगळं ऑनलाइन. नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही लोकांना लाइन लावायला सांगायचात, आता तुम्ही लावा."

मला वाटलं, चिडेल. ती तर बरं वाटल्यासारखी हसली. "बराबर हाय," म्हणाली. उन्नतीने आबिदाच्या दुकानातून त्याच दिवशी अर्ज भरला.

वीस मार्चला परत आली. मी विचारलं, "अर्ज क्रमांक?" तिने चिठ्ठी दिली. मी दाबून बघितलं. "प्रक्रियेत आहे." म्हटलं, प्रक्रियेत आहे म्हणतोय ना, मग आहे. दहा एप्रिलला परत आली. मी मान वर न करता पुन्हा अर्ज क्रमांक विचारला. प्रक्रियेत आहे. ती काहीतरी बोलणार होती, तशीच गेली. मी घाईत होतो, एका पुरस्काराचा प्रस्ताव लिहीत होतो.

पुरस्कार म्हणजे "उत्कृष्ट नागरिकाभिमुख संकेतस्थळ". मुंबईत समारंभ, ट्रॉफी, शाल. प्रस्तावात आकडा लागतो, आणि आकडा माझ्याकडे झकास होता. प्रकल्पग्रस्त दाखल्यांचे पूर्वी महिन्याला साठ-सत्तर अर्ज यायचे, ते फेब्रुवारीपासून शून्य. माझ्या टेबलावर एकही कागद नाही. मी लिहिलं, "संकेतस्थळामुळे नागरिकांचे कार्यालयात येणे जवळजवळ थांबले आहे." खोटं नव्हतं. दारात कोणी येतच नव्हतं. दाराबाहेर, आबिदाच्या झेरॉक्सच्या दुकानात मात्र दिवसभर झुंबड असायची, पण ती आमच्या हद्दीत येत नाही.

तीस एप्रिल. साहेब सकाळीच मुंबईला, ट्रॉफी घ्यायला. दहाच्या सुमाराला उन्नती स्वतः माझ्यासमोर. पोर सरळ आहे, आवाज चढवत नाही. "सर, आज साडेपाचला लिंक बंद होणार. अजून प्रक्रियेत दाखवतंय. नक्की कोणाकडे आहे हो?"

कोणाकडे आहे. हा प्रश्न तीन महिन्यांत मला पडला नव्हता. मी मितेशला फोन लावला. तो म्हणाला, "सर, टेबल अकराच्या लॉगिनला गेलाय. तुमच्याच परिपत्रकात आहे ना, देवजी म्हात्रे."

अरे देवा! दोन वर्षांपूर्वी नारळ देऊन घरी पाठवलेल्या माणसाला मी अख्ख्या तालुक्याचे अर्ज पाठवत होतो! माझ्याकडे शून्य अर्ज येत होते म्हणून मी नाचत होतो, आणि ते शून्य म्हणजे हे होतं.

देवजीला फोन लावला तर उचलेना. मोटारसायकल काढली आणि मोरा गाठलं. देवजी जेट्टीजवळ कट्ट्यावर माशांसाठी गरी टाकून बसलेला, मजेत. मी धापा टाकत विचारलं, "देवजी, तुझ्या मोबाइलवर मेसेज येतात का कार्यालयाचे?"

"येतात की! जानेवारीपासून नुसता कहर. अर्ज प्राप्त झाला, अर्ज प्राप्त झाला. दिवसाला तीन-तीन. मी म्हटलं फ्रॉड आहे, ब्लॉक करून टाकला नंबर." वर मला सांगतो, "बाबासो, तूपण जपून रे, आजकाल सरकारी नावाने लई लुटतात."

निवृत्त माणूस, त्याच्या दृष्टीने त्याने शहाणपणाच केला होता. नंबर मोकळा केला, ओटीपी मागवला. नेटवर्क इतकं झकास की पहिला ओटीपी आला तोवर त्याची मुदत संपली. दुसरा तसाच. तिसऱ्याला देवजी मोबाइल घेऊन जेट्टीच्या टोकापर्यंत पळाला आणि तिथून त्याने ओरडून आकडे सांगितले. लॉगिन उघडलं. दोनशे चौदा अर्ज. नववा उन्नतीचा. कागद सगळे बरोबर, एक खोट नाही. मी शिफारस दाबली तेव्हा अडीच वाजले होते.

आता साहेबांची डिजिटल सही. ती एका पेनड्राइव्हएवढ्या दांडीत असते आणि ती दांडी साहेबांच्या खिशात असते. कार्यालयात परत येता येता मी फोन लावला. बंद. मेसेज केले, सात. पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं, एक फोटो. साहेब मंचावर, हातात ट्रॉफी, मागे मोठ्या अक्षरांत "नागरिकाभिमुख". खाली लिहिलं होतं, "बाबासो, हे तुमचं यश. उद्या पेढे."

साडेपाच वाजले. यंत्राजवळ उन्नती उभी होती. तिने पडद्याकडे बघितलं, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाली, "थँक यू सर, तुम्ही खूप धावपळ केलीत." तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो असतो.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाचा झेंडा झाला. दारात, यंत्राशेजारी, जिथे स्टूल होतं तिथेच एका टेबलावर ट्रॉफी मांडली. बयाबाई पाचव्या मजल्यावरून खाली आली, हातात फडकं. साहेबांनीच बोलावलं होतं, ट्रॉफीवर धूळ नको म्हणून. लोक पांगल्यावर मी तिच्याजवळ गेलो आणि बोलत सुटलो. लॉगिन, जुनं परिपत्रक, देवजी, ब्लॉक, ओटीपी, मोऱ्याचं नेटवर्क, साहेबांच्या खिशातली दांडी. एकेक सगळं सांगितलं. माझी चूक नेमकी किती आणि इतरांची किती, तेपण सांगितलं.

तिने फडकं थांबवलं नाही. पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "भाऊसाएब, मी तुमच्याकरं तीनदा आयलू. तुमी मना दोनदा आरज नंबर इचारला. एकदा जरी इचारला असता ना, काय झालाय..."

ट्रॉफी फिरवून ती दुसरी बाजू पुसायला लागली. मला विचारायचे होते ते दोनच शब्द, आणि ते ऐकवायला ती सव्वीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर दारात बसली होती.

एकतीस मेला तिला शाल-नारळ दिला. साहेबांनी भाषणात तिला "कार्यालयाचा चेहरा" म्हटलं. तो चेहरा त्यांनी चार महिने धुळीच्या गठ्ठ्यांत ठेवला होता, हे त्यांच्या लक्षात नसावं. बाकीचे दोनशे तेरा दाखले मी जूनभर रात्रीचा दिवस करून काढले. उन्नतीचाही काढला, सात जूनला, तिच्या नावाचा, कोरा करकरीत. ती आता उरणला एका गोदामात प्रथमोपचार केंद्रात कंत्राटावर आहे. राखीव जागा पुन्हा कधी निघतील, कोणाला ठाऊक नाही. बयाबाईने दाखला घेतला, त्याच दुधाच्या पिशवीत घातला आणि पेटीत ठेवला.

मी एक प्रस्ताव मांडला. म्हटलं, पहिल्या पानावरचं मनोगत काढू आणि तिथे फक्त एकच प्रश्न ठेवू, "काय झालंय?" खाली लोकांच्या तोंडची उत्तरं. साहेबांनी टिप्पणीवर शेरा मारला, "भाषा शासकीय वाटत नाही. सुधारून सादर करावे." सुधारून आता पहिल्या पानावर मनोगताच्या खाली आहे, "सेवा-आवश्यकता प्रवर्ग निवडा."

बयाबाई आबिदाच्या दुकानासमोर बसते. भंगारातलं तेच स्टूल आबिदाने उचलून आणलं, जनगणनेच्या घडीसकट. तिथे रांग असते, आणि रांगेत कोणालाही पुढे घुसवत नाहीत. मी चहाच्या सुट्टीत कधीकधी तिथून जातो. ती माझ्याकडे बघून मान हलवते आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळते.

आणि रोज सकाळी मी लॉगिन उघडतो. उन्नतीचा अर्ज अजून तिथेच आहे. दाखला दिला गेला तरी यंत्राला ते कळवायचं राहून गेलं, आणि ते कळवणं कोणाच्या टेबलाला येतं हे परिपत्रकात नाही. नववा क्रमांक, प्रक्रियेत आहे.